मोठं करू का?



या व्याख्यानमालेचे आमंत्रण घेऊन आपले चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी नव्या श्रमसंहितांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना म्हणालो, त्या विषयावर बोलणारे वकील पुष्कळ मिळतील. मला खाण्यावर बोलायचे आहे. युनियनच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन बर्गरवर बोलावे हे त्यांना थोडे चमत्कारिक वाटले असावे; पण सभ्य माणूस, नको म्हणाले नाहीत. नको म्हणणे किती अवघड असते हाच आजचा माझा विषय असल्यामुळे त्यांच्या अडचणीचा मी फायदा घेतला, असे म्हणा हवे तर.

मी पदवीधर नाही हे आधीच सांगून टाकतो. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी शाळा सुटली आणि मी एका हॉटेलात पोऱ्या म्हणून लागलो. कपबश्या विसळणे, टेबलावर फडका मारणे, पाणी देणे. वाचन जे काही झाले ते नंतर युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताचे काही शोधू नका. गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला माणूस एवढेच मानून ऐका.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नातवाचा वाढदिवस होता. त्याच्या वर्गातली सगळी मुले त्या काचेच्या दुकानात जाऊन आली होती, म्हणून आम्हीही गेलो. दुकान कोणाचे ते सांगणार नाही, कारण तेथे काम करणाऱ्या एका मुलीची नोकरी अजून शाबूत आहे. गल्ल्याशी वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. मी म्हणालो, एक बटाट्याचा बर्गर दे. मुलगी म्हणाली, "काका, मील करू का?" मी विचारले मील म्हणजे काय. तर बर्गरबरोबर तळलेले बटाटे आणि थंड पेय. मी नको म्हणालो. "मग नुसतं कोल्ड्रिंक देऊ?" नको. "बर्गरमध्ये चीज घालू? वीसच रुपये जास्त." नको. शेवटी नातवाने हट्ट धरला म्हणून पेय घेतले. लहान दे म्हणालो. "मीडियम देऊ का? थोडाच फरक आहे." मी फळ्याकडे पाहिले. फळ्यावर लहान नव्हतेच! म्हणजे होते, पण खाली कोपऱ्यात, चष्मा पुसून पाहावे लागेल एवढ्या अक्षरांत. ठळक चित्रे सगळी मोठ्या मापाची. मागे रांग लागलेली. माझे डोके फिरले. मी मोठ्याने म्हणालो, "पोरी, माझं पोट किती आहे ते मला कळतं की तुला? एकदा नको म्हटलेलं समजत नाही?"

ती काही बोलली नाही. तिने फक्त एकदा वर पाहिले. माझ्याकडे नव्हे, माझ्या डोक्यावरून वर. मला वाटले, पोर उद्धट आहे. मग यंत्रासारखे तिने पुढचे वाक्य म्हटले, "गोड काही घेणार का काका?"

तो पेयाचा पेला नातवाने अर्धाही संपवला नाही. उरलेले मी प्यालो, कारण पैसे मोजले होते. मला साखरेचा विकार आहे. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी काय ऐकवले ते येथे सांगत नाही.

आता हे माप मोठे झाले कसे, ते पाहू. ही गोष्ट आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे, आणि तिचा आरंभ एका नाटकघरवाल्यापासून होतो. शिकागोकडच्या चित्रपटगृहांच्या एका मोठ्या साखळीत डेव्हिड वॉलरस्टाइन नावाचे गृहस्थ होते. चित्रपटगृहाचा खरा नफा तिकिटात नसून मक्याच्या लाह्यांत आणि पेयांत असतो, हे त्यांना पक्के माहीत होते. लाह्यांचा खप वाढावा म्हणून त्यांनी नाना युक्त्या केल्या. पण माणूस एकाच्या दोन पिशव्या काही घेईना. भूक नव्हती असे नाही. दुसरी पिशवी मागायला उठले तर लोक आपल्याला अधाशी म्हणतील, ही लाज होती. वॉलरस्टाइननी ती लाज ओळखली आणि एकच पिशवी मोठी केली. खप वाढला. पुढे हेच गृहस्थ मॅकडोनल्ड्स कंपनीच्या संचालक मंडळावर गेले आणि तळलेल्या बटाट्यांची मोठी पिशवी काढा म्हणून रे क्रॉक यांच्या मागे लागले. क्रॉक यांचे म्हणणे साधे होते: लोकांना जास्त हवे असेल तर दोन पिशव्या घेतील. वॉलरस्टाइन दुकानाबाहेर बसून लोक पाहत राहिले. लोक पिशवीच्या तळाचे मीठसुद्धा बोटाने पुसून खात होते आणि तरी दुसरी पिशवी घेत नव्हते. अखेर क्रॉक यांनी मान्य केले. जॉन लव्ह यांनी १९८६ साली या कंपनीचा इतिहास लिहिला, त्यात ही हकीकत आहे.

म्हणजे पाहा, माणसाच्या अंगी एक मर्यादा होती. ती कोणा धर्मगुरूने घातलेली नव्हती, सरकारने घातलेली नव्हती. चारचौघांत दुसऱ्यांदा मागायची लाज, एवढीच. कंपनीने ती मोडली नाही, तिला वळसा घातला. आणि आज तीच लाज उलटी वापरली जाते. रांगेत मागे माणसे उभी असताना चार वेळा "नको, नको" म्हणायची लाज!

मग मापे वाढतच गेली. त्या कंपनीच्या सुरुवातीच्या काळात, १९५५ साली, पेयाचा पेला ७ औंसांचा होता, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर. आपल्याकडच्या जुन्या काचेच्या लहान बाटलीएवढा. १९८० साली अमेरिकेत सेव्हन-इलेव्हन नावाच्या दुकानांनी 'बिग गल्प' म्हणून ३२ औंसांचा पेला देशभर आणला. तो जवळजवळ एक लिटर! पुढे मॅकडोनल्ड्सने 'सुपरसाइझ' काढले आणि गल्ल्यावरच्या पोरांच्या तोंडी तो प्रश्न बसला. २००४ साली मॉर्गन स्परलॉक यांचा त्याच नावाशी खेळ करणारा चित्रपट गाजला. त्याच वर्षी कंपनीने अमेरिकेतले ते माप बंद करत असल्याचे जाहीर केले. माप गेले, प्रश्न मात्र राहिला.

तुम्ही म्हणाल, जास्त देतात तर वाईट काय? स्वस्तच पडते की. येथे मी हॉटेलातल्या पोऱ्याचा हिशोब सांगतो. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, आमचा पगार, पेला, झाकण, नळी, हा खर्च तुम्ही लहान घेतले काय आणि मोठे घेतले काय, जवळजवळ तेवढाच. वाढते ते काय? थोडे साखरपाणी, थोडा वायू, मूठभर बटाटे. हे सगळ्यांत स्वस्त जिन्नस. तुमच्याकडून जे वीस-तीस रुपये जास्त घेतले त्यातले बहुतेक सरळ गल्ल्यात जातात. बर्गरातली टिक्की दुप्पट करून देऊ का, असे फारसे कोणी विचारत नाही. विचारतात ते पेयाचे आणि बटाट्याचे. उगाच नव्हे.

आणि पोटाचे म्हणाल, तर आपण समजतो तेवढे ते शहाणे नाही. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स या संशोधक बाईंनी एक प्रयोग केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी जेवायला बोलावून त्यांच्यापुढे कधी अर्धा किलो, कधी एक किलो मॅकरोनी ठेवली. समोर मोठे ताट आले त्या दिवशी लोकांनी सुमारे ३० टक्के जास्त खाल्ले. गंमत पुढेच आहे. जेवणानंतर पोट किती भरले असे विचारले, तर दोन्ही दिवसांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता, आणि ताटांत फरक होता हे निम्म्याहून कमी लोकांच्या ध्यानात आले. तेव्हा "ज्याचे त्याला कळते, कोणी जबरदस्ती केली आहे?" हा युक्तिवाद मी त्या संध्याकाळपर्यंत स्वतः करत होतो. आता करत नाही.

आपल्याकडे असे काही नव्हतेच, असा आव मी आणणार नाही. इराण्याच्या हॉटेलात न मागता केकची बशी टेबलावर यायची. खाल तेवढ्याचे पैसे. आम्हा पोऱ्यांनाही मालकाची ताकीद असे: गिऱ्हाइकाने चहा सांगितला की "गरम काय आणू?" असे विचारायचेच. आजही कोठल्याही हॉटेलात बसलात तर पहिला प्रश्न येतो, "पाणी साधं की बाटलीचं?" आणि तो अशा सुरात विचारतात की साधे म्हणणाऱ्याने मान खाली घालावी. थाळीच्या हॉटेलात तर उलटा डाव. तेथे पैसे ठरलेले, तेव्हा आधी पुऱ्या आणि गोड पुढे करायचे, म्हणजे माणूस लवकर गार पडतो.

आणि आग्रह? पंगतीतला आग्रह तर आपली संस्कृतीच. माझ्या आत्याच्या आग्रहाने आजारी पडलेली माणसे मला माहीत आहेत. पण आत्याच्या पातेल्यातला भात माझ्या पानात येई, तिच्या पदरचा. भात संपला तर ती स्वतः शिळी भाकरी खाई. आग्रहाचा भार आग्रह करणारीवर पडे. काचेच्या दुकानातला आग्रह शब्दांनी तसाच, "काका, घ्या ना", पण त्याचा पैसा घेणाऱ्याच्या खिशातून जातो. त्यातली खरी गोम अशी की तो आग्रह करणाऱ्या पोरीच्या खिशातही येत नाही.

याच्या उलट माप लहान करण्याची एक रीत आपल्याकडे खालून, गिऱ्हाइकांनी निर्माण केली. ती म्हणजे कटिंग. मुंबईच्या कष्टकरी माणसाला पूर्ण कप परवडत नव्हता, आणि दिवसातून पाच वेळा चहा तर हवा होता. एक चहा दोघांत. हॉटेलवाल्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या असतील, पण मापाला नाव मिळाले, दर मिळाला, आणि आज मोठ्या पगाराचे लोकही ऐटीत कटिंग मागतात. अर्धे मागण्यात कमीपणा राहिला नाही. राइस प्लेटवाल्याकडे "हाफ राइस" चालतो, "भात नको, दोन चपात्या जास्त" चालते. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांकडे तर कोण किती खातो हे बाईला तोंडपाठ असे. पाळीवरून येणाऱ्याचे ताट वेगळे, आजाऱ्याचे वेगळे. तेथेही आमटी पातळ असायची आणि तक्रारी व्हायच्या. मी स्वतः केल्या आहेत. पण या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा वाढणाऱ्या हातांनाही काही सांगायचे असते हे पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आले.

कायद्याने काय करता येते, ते थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कमध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत, २०१२ साली, उपाहारगृहांनी १६ औंसांहून, म्हणजे पावणेपाचशे मिलिलिटरहून, मोठ्या पेल्यात गोड पेय विकू नये असा नियम शहराच्या आरोग्य मंडळाने केला. कोणाला दोन पेले घ्यायचे असतील तर मुभा होती. म्हणजे वॉलरस्टाइनची युक्ती बरोबर उलटी फिरवलेली! २०१३ च्या मार्चमध्ये, नियम अमलात येण्याच्या आदल्या दिवशी न्यायालयाने तो रद्द केला आणि २०१४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कारण एवढेच की असा नियम करण्याचा अधिकार त्या मंडळाला नव्हता. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२५ पासून गोड पेये फुकट पुन्हापुन्हा भरून देण्यास मोठ्या उपाहारगृहांना मनाई झाली.

आपल्याकडे २०१७ साली तेव्हाचे अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी हा विषय काढला होता. ज्याला दोन इडल्या पुरतात त्याच्यापुढे चार का ठेवायच्या, असा त्यांचा रोख होता. हॉटेलवाल्यांनी ओरड केली, थट्टा झाली आणि सक्ती करणार नाही असा खुलासा करून प्रकरण मिटले. २०२२ पासून, ज्यांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत त्यांनी पदार्थाजवळ उष्मांक लिहावेत असा नियम आहे. लिहितात, अक्षरांचा आकार तुम्ही पाहून या.

पण मला सर्वांत बोलकी वाटली ती वेगळीच गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. फोनवर किंवा संगणकावर विकणाऱ्यांनी ग्राहकाला फसवण्याचे तेरा प्रकार त्यात नावानिशी मना केले आहेत. न मागता टोपलीत वस्तू टाकणे हा एक. नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणे हा दुसरा. आणि पुन्हापुन्हा विचारून पिच्छा पुरवणे हाही त्यात आहे. फार चांगले! पण हे झाले पडद्याबाबत. पडद्याला जे करायची मनाई, तेच त्या पोरीने तोंडाने करावे यासाठी तिला पगार मिळतो.

त्या पोरीकडे आता वळतो. त्या प्रसंगानंतर महिनाभराने आमच्या कचेरीत एक जुने सभासद आले. मागावर काम करून कान गेलेले गृहस्थ. बरोबर त्यांची मुलगी. मी ओळखले, तिनेही ओळखले. ते मला मोठ्याने म्हणाले, "भाऊ, हिचं जरा बघा." मला कोठे तोंड लपवू असे झाले.

तिने कागद पुढे केला. दर तासाला किती गिऱ्हाइके झाली, त्यातल्या कितीजणांनी मोठे माप घेतले, कितीजणांनी गोड घेतले, असे प्रत्येकाच्या नावापुढे आकडे. हा कागद दर सोमवारी आतल्या भिंतीवर लागतो. तळाला ज्यांची नावे त्यांना पुढच्या आठवड्यात पाळ्या कमी. पाळ्या कमी म्हणजे पैसे कमी, कारण पगार तासावर. मी विचारले, गिऱ्हाईक नको म्हणाल्यावर तू दुसऱ्यांदा का विचारतेस? ती म्हणाली, "काका, वर कॅमेरा आहे. त्यात आवाजही येतो. चारही प्रश्न विचारले नाहीत तर गुण कापतात. कधीकधी साहेबांचाच माणूस गिऱ्हाईक म्हणून येतो." मग थोडे थांबून म्हणाली, "त्या दिवशी मला वाटलं तुम्हीच तो माणूस आहात. मुद्दाम चिडून बघताय."

मी तीस वर्षे युनियनचे काम करतो आहे. मागावर मीटर लावून कामाचा वेग वाढवणारे मालक पाहिले, त्यांच्याशी भांडलो. आणि माझ्यासमोर एका मुलीच्या जिभेला मीटर लावलेला होता, तो मला दिसला नाही. मी ग्राहक झालो होतो. वीस रुपयांच्या चीजसाठी मी तिच्यावर ओरडलो आणि ज्याने तो फळा लिहिला, तो प्रश्न लिहिला, त्याला एक पोस्टकार्डही टाकले नाही.

अमेरिकेत ज्या दुकानांतून हा प्रश्न निघाला तेथल्याच कामगारांनी २०१२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये संप केला. तासाला १५ डॉलर आणि संघटनेचा हक्क, एवढी मागणी. लोक हसले. १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्निया राज्यात मोठ्या साखळ्यांच्या अशा दुकानांत तासाला किमान २० डॉलर द्यावे लागतात. मजुरीचे झाले, पण काय बोलायचे, किती वेळा बोलायचे, याबद्दलच्या मागणीला त्यांच्या घोषणांत जागा मिळालेली मला दिसली नाही. कदाचित ती फार लहान वाटली असेल.

आमच्या मुलींना ती लहान वाटली नाही. सहाजणी आणि दोन मुलगे कचेरीत तीन रविवार आले. मी मागण्यांचा मसुदा करून देत होतो, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतः लिहिला. मोठ्या मापाच्या आकड्यांवरून पाळ्या कमी करू नयेत. गिऱ्हाईक एकदा नको म्हणाले की पुढचा प्रश्न विचारण्याची सक्ती नसावी. आणि तिसरी मागणी अशी, जी मला सुचली नसती: फळ्यावर सर्वांत लहान माप सर्वांत वर लिहावे, इतरांएवढ्याच अक्षरांत. मी म्हणालो, ही तर ग्राहकाची मागणी झाली, तुमची कशी? त्या मुलीने उत्तर दिले, "लोकांना दिसलं तर ते आमच्यावर ओरडणार नाहीत."

व्यवस्थापकाने कागद घेतला. तोही तिशीतला, पगारी माणूस. पहिल्या दोन गोष्टी वरून ठरतात, असे तो म्हणाला. तिसरीबद्दल मुंबईला विचारून सांगतो म्हणाला, आणि येत्या मंगळवारी संध्याकाळी चारला पुन्हा बोलावले आहे. आठांपैकी दोघींच्या पाळ्या या आठवड्यात कमी झाल्या आहेत. तो योगायोग आहे असे त्याचे म्हणणे. त्याची लेखी नोंद आम्ही केली आहे.

मंगळवारी मी येतो, असे मी त्या मुलीला म्हणालो. ती म्हणाली, "काका, तुम्ही आत येऊ नका, बोलणं आम्ही करतो. तुम्ही बाहेरच्या टेबलावर बसा. पण नुसतं बसू देत नाहीत, काहीतरी घ्यावं लागतं." मी म्हणालो, चहा घेईन, बिनसाखरेचा. तर म्हणाली, चहाचेही तीन आकार आहेत.